रुग्णसेवेतील ज्ञान आणि विवेक

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)





आम्हा परिचारिकांना व्यासपीठावर बोलावले जाते ते बहुधा सत्कारासाठी. शाल मिळते, पुष्पगुच्छ मिळतो आणि 'सेवेचे व्रत घेतलेल्या भगिनी', 'त्यागाची मूर्ती' असे चार शब्द कानी पडतात. त्याबद्दल आम्ही समाजाचे ऋणी आहोत. परंतु आज आपण आम्हाला सत्कारासाठी न बोलावता विषय देऊन बोलावलेत, याचा आम्हाला अधिक आनंद वाटतो. आमच्या सेवेची स्तुती पुष्कळ होते; आमच्या ज्ञानाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. ती न घेतल्यामुळे आमचे नुकसान होतेच, पण त्याहून मोठे नुकसान अंथरुणावर पडलेल्या रुग्णाचे होते. आज एवढी एकच गोष्ट आम्हाला आपल्यापुढे मांडायची आहे.

भगवान बुद्धांच्या जीवनातील एक प्रसंग विनयपिटकाच्या महावग्गात नोंदलेला आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला असेल. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते; तो इतरांच्या कधी उपयोगी पडला नाही, असे सहकारी भिक्खूंचे म्हणणे होते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला स्वच्छ केले, उचलून अंथरुणावर निजवले आणि मग सर्व भिक्खूंना जमवून एकमेकांची शुश्रूषा करण्याविषयी समजावले. एवढा भाग सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्याच ठिकाणी पुढे, शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत हेही सांगितले आहे. तिकडे आपले लक्ष फारसे जात नाही. औषध तयार करून देण्याची क्षमता हा पहिला गुण. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखून, मानवणारे जवळ आणणे व न मानवणारे दूर ठेवणे हा दुसरा. लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे हा तिसरा. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न येणे हा चौथा. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देता येणे हा पाचवा.

हा क्रम पाहण्यासारखा आहे. मैत्रीभाव तिसरा आहे. त्याच्या आधी येणारे दोन्ही गुण ज्ञानाचे आणि विवेकाचे आहेत. मैत्री कमी महत्त्वाची, असा अर्थ आम्ही यातून काढत नाही. परंतु नुसत्या मायेने माणूस बरा होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. दम लागलेल्या माणसाला 'जरा आडवे व्हा, आराम पडेल' असे म्हणून सपाट निजवले, तर दम वाढतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येत असलेल्याला नातेवाईक चोरून चहा पाजतात आणि ओकारी होते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुफ्फुसात उतरते. या तिन्ही ठिकाणी माया खरीच होती. काय मानवते आणि काय मानवत नाही, ते मात्र ठाऊक नव्हते.

पाहणे हीसुद्धा विद्या आहे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक १८५९ साली निघाले. त्यात रुग्णाचे निरीक्षण कसे करावे, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. दीडशेहून अधिक वर्षे झाली, यंत्रे आली, तरी परिचर्येचा पाया तोच राहिला आहे. डॉक्टर रुग्णापाशी दिवसातून काही मिनिटे असतात. परिचारिका पाळीभर असते. म्हणून रुग्णात होणारा बदल प्रथम दिसतो तो तिला. मात्र तो दिसण्यासाठी काय पाहायचे, हे माहीत असावे लागते.

साधे श्वासाचेच उदाहरण घ्या. प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. शरीरात काही बिघडू लागले, जंतुसंसर्ग पसरू लागला, रक्तस्राव होऊ लागला, की पुष्कळदा रक्तदाब उतरण्याच्या आधीच श्वास वाढतो. नाडी मोजायला यंत्र आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. श्वास मोजायला मात्र अजूनही बहुतेक वॉर्डांत एक मिनिट उभे राहून छातीकडे पाहावे लागते. नेमके तेच टाळले जाते. तक्त्यावर ओळीने सर्व रुग्णांपुढे '२०', '२०', '२०' असे लिहिलेले आढळते. वीस रुग्ण वेगवेगळ्या आजारांचे, आणि सर्वांचा श्वास एकसारखा कसा असेल? ज्या परिचारिकेने पूर्ण मिनिट मोजून '२८' लिहिले, तिने त्या रुग्णासाठी कित्येक तास मिळवून दिले, असे समजावे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची पूर्वसूचना देणारी एक गुणपद्धती जाहीर केली आणि २०१७ साली तीत सुधारणा केली. तीतही श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या गोष्टींना गुण दिले जातात. श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक झाला, तर एकट्या त्याच गोष्टीला सर्वाधिक ३ गुण आहेत.

हे ज्ञान रुग्णालयापुरतेच आहे, असेही नाही. खोकला झालेल्या लहान मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली खूण श्वासाचीच आहे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजावा. मूल शांत असताना, पूर्ण मिनिट मोजावे. वस्तीवरची आशाताई हे करते. आपल्यापैकी कोणत्याही आईला हे करता येईल.

दुसरी गोष्ट वर्णाची. आमची पुष्कळशी पाठ्यपुस्तके गोऱ्या कातडीच्या रुग्णांवरून लिहिली गेली. प्राणवायू कमी पडला की ओठ निळे होतात, पाठीवर दाब आला की त्वचा लाल होते, असे त्यांत वाचायला मिळते. सावळ्या आणि काळ्या वर्णावर हा निळेपणा वा लालपणा सहज दिसत नाही. म्हणून आमच्या रुग्णाची जीभ पाहावी लागते, ओठांची आतली बाजू पाहावी लागते. रक्त कमी आहे का, हे डोळ्याची खालची पापणी ओढून आणि तळहात पाहून ठरवावे लागते. दाबाची जागा हाताच्या पाठीने चाचपून आसपासच्या त्वचेपेक्षा गरम लागते का, कडक वा मऊ झाली आहे का, हे समजून घ्यावे लागते. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्रही या बाबतीत पूर्ण निर्दोष नाही. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, यंत्र प्राणवायू पुरेसा दाखवत असताना प्रत्यक्षात तो कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. आकडा ९४ दिसतो म्हणून जी परिचारिका समाधान मानत नाही, रुग्णाला वाक्य पूर्ण बोलता येते का, नाकपुड्या फुलतात का हेही पाहते, तिला आम्ही जाणती म्हणतो.

तिसरी गोष्ट रुग्णाच्या बोलीची. रुग्ण पुस्तकाच्या भाषेत बोलत नाही. 'सिस्टर, जीव घाबरा होतोय', 'छातीत भरल्यावानी वाटतंय', 'अंगातलं पाणी गेल्यासारखं झालंय', असे तो सांगतो. 'जीव घाबरा होतोय' याचा अर्थ रुग्ण भित्रा आहे, असा लावणे सर्वांत सोपे असते. परंतु त्या शब्दांमागे प्राणवायूची कमतरता असू शकते, साखर उतरलेली असू शकते, हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. विशेषतः स्त्रियांमध्ये, वृद्धांत आणि मधुमेही रुग्णांत झटका छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, मळमळ, एकाएकी आलेला गळाठा एवढेच दिसते. आणि आपल्या आया-बहिणींची सवय आपल्याला माहीत आहे. दुखत असले तरी 'काही नाही, बरं हाय' असेच त्या म्हणतात. तेव्हा परिचारिकेने शब्द ऐकावा आणि चेहराही वाचावा. रोज उठून वेणी घालणारी बाई आज भिंतीकडे तोंड करून पडली आहे, हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

ताप उतरला म्हणजे धोका टळला?

आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, असे नेहमीच होत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण येतात. तीन-चार दिवस कडक ताप असतो, घरचे लोक हवालदिल होतात. मग ताप उतरतो. सर्वांना हायसे वाटते, कोणी घरी नेण्याची घाईही करतात. परंतु डेंग्यूत खरा धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारास, रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपू लागतो आणि पुढचे २४ ते ४८ तास महत्त्वाचे असतात. त्या वेळी पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा चुळबुळ, लघवी कमी होणे आणि हातपाय गार पडणे या खुणा पाहाव्या लागतात. रक्तदाबाचे दोन आकडे एकमेकांच्या जवळ येऊ लागले, दोहोंतील अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, तर वरचा आकडा १०० असला तरी स्वस्थ बसता येत नाही. टेंपरेचरच्या कागदावर सर्व ठीक दिसत असताना, 'या मुलाला आज घरी सोडू नये' असे जिला वाटते, तिच्या मनात भीती नसते, आजाराच्या वाटचालीचे ज्ञान असते.

ती घाण नव्हे, माहिती आहे

आता चौथ्या गुणाविषयी. आपल्या समाजाला या विषयाची वेगळी जाण आहे. मलमूत्र उचलण्याचे काम या देशात जातीवर लादले गेले आणि ज्यांनी ते केले त्यांनाच हीन ठरवले गेले. त्यामुळे मुलीने वा मुलाने नर्सिंगला जायचे म्हटले की काही घरांत अजूनही आक्षेप निघतो, 'एवढं शिकून पुन्हा बेडपॅनच उचलायचा का?' हा आक्षेप ज्या दुःखातून येतो ते आम्ही जाणतो. परंतु त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

बेडपॅन रिकामा करण्याआधी परिचारिका तो पाहते. शौच डांबरासारखी काळी व चिकट असेल, तर जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव होत असावा. पण रुग्ण लोहाच्या गोळ्या घेत असेल, तरीही शौच काळी होते. म्हणून आधी औषधाचा कागद पाहावा, नाडी पाहावी आणि मग निर्णय करावा. भाताच्या पेजेसारखे जुलाब कॉलऱ्याची शंका देतात. पांढुरकी, मातकट शौच पित्ताची वाट अडल्याचे सुचवते. ओकारी कॉफीच्या चोथ्यासारखी दिसली, तर तेही जुने रक्त असू शकते. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिलीलीटर लघवी व्हावी. म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला सुमारे ३०. त्याहून कमी होऊ लागली, तर मूत्रपिंडाला रक्त पुरेसे पोचत नसल्याचा तो इशारा असतो. हे सर्व न पाहता ओतून टाकणे म्हणजे रुग्णाचे पत्र न वाचता फाडून टाकणे आहे. ज्या कामात जातीने माणसाला केवळ हात मानले, त्याच कामात परिचर्येचे शास्त्र डोळे आणि बुद्धी मागते. म्हणूनच या कामाकडे लाजेने नव्हे, अभ्यासू वृत्तीने पाहिले पाहिजे.

प्रसूतीनंतरचे रक्तही असेच मोजायचे असते. नुसत्या नजरेने अंदाज केला तर तो बहुधा कमी निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजायचे, आणि प्रमाण वाढताच गर्भाशय चोळणे, औषधे, सलाईन, तपासणी हे उपाय एकापाठोपाठ न थांबता करायचे, असा तो क्रम होता. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यामुळे होणारे मृत्यू, या सर्वांचे मिळून प्रमाण त्यामुळे ६० टक्क्यांनी घटले. यात महागडे यंत्र कोणतेच नव्हते. वेळेवर मोजणे आणि वेळेवर हात चालवणे, एवढेच होते. आणि ते मुख्यतः सुईणी व परिचारिकांच्या हातून झाले.

आदेश पाळणे आणि विचार करणे

'डॉक्टरांनी लिहायचे, सिस्टरने द्यायचे. यात विवेकाचा प्रश्न कुठे येतो?' असे आम्हाला विचारले जाते. याचे उत्तर इन्सुलिनच्या उदाहरणातून देता येईल. कागदावर सकाळचे १६ युनिट लिहिले आहेत. परंतु आज गुरुवार, आजोबांचा उपवास आहे. किंवा पौर्णिमेचा उपोसथ आहे आणि दुपारनंतर ते अन्न घेणार नाहीत. किंवा मळमळीमुळे त्यांनी न्याहारी तशीच ठेवली आहे. लिहिलेली मात्रा जेवण धरून लिहिलेली असते. जेवणच नसेल, तर तीच मात्रा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणेल. म्हणून परिचारिका आधी 'काय खाल्लंत?' असे विचारते, साखर तपासते आणि डॉक्टरांना विचारून मगच सुई टोचते. यात आदेश मोडला जात नाही. आदेशाचा हेतू पाळला जातो.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सभासदांच्या उपयोगाची आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते, एका मिलीलीटरला ४० युनिटचे आणि १०० युनिटचे. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० चे नारिंगी. १०० च्या बाटलीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढले, तर मात्रा अडीचपट होते. घरी इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. घाम, थरथर, बरळणे, विनाकारण चिडचिड असे काही दिसले, तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. माणूस शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी द्यावे, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे.

जे घडले नाही त्याचे श्रेय

आमच्या कामाची एक अडचण आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की ती दिसते. पाठीवर जखम झाली नाही, ही गोष्ट मात्र कोणालाच दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर सतत दाब राहतो, तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि त्वचा मरते. ही जखम काही तासांत सुरू होऊ शकते आणि भरून यायला महिने घेते. ती टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, रुग्णाला ओढून न सरकवता उचलून सरकवावे, ओली चादर लगेच बदलावी, चुण्या काढाव्यात, आहारात प्रथिने ठेवावीत. कोणाला हा धोका अधिक, हे ठरवण्याची पहिली गुणपद्धती इंग्लंडमधील डॉरीन नॉर्टन या परिचारिकेने १९६२ साली वृद्धांच्या अभ्यासातून मांडली. शारीरिक अवस्था, मनाची अवस्था, चालणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टी तिने पाहिल्या.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या जवळजवळ ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. २०११ साली त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना पाठीची जखम झाली नाही, ही बाब पुढे आली आणि न्यायालयाने तेथील परिचारिका व कर्मचाऱ्यांची प्रशंसा केली. चाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या; ज्यांनी अरुणाताईंना बोलताना कधी पाहिले नव्हते, त्यांनीही त्यांची कूस बदलली. त्या सेवेत प्रेम होते यात शंकाच नाही. परंतु नुसत्या प्रेमाने त्वचा चाळीस वर्षे अखंड राहत नाही. त्यासाठी ज्ञान रोज, प्रत्येक पाळीत, न कंटाळता वापरावे लागते.

सांगता आले पाहिजे, ऐकले गेले पाहिजे

परिचारिकेला बदल दिसला, पण तो पटेल अशा रीतीने सांगता आला नाही, तर त्याचा उपयोग होत नाही. रात्री दोन वाजता फोनवर 'सर, पेशंट बरा वाटत नाही' एवढेच म्हटले, तर पलीकडून 'बघू सकाळी' असे उत्तर येण्याचा संभव असतो. त्याऐवजी असे सांगावे : 'मी अमुक वॉर्डची सिस्टर बोलते. काल पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा श्वास दहा वाजता १८ होता, आता २८ आहे. नाडी १२४, वरचा रक्तदाब ९६, सहा तासांत लघवी ८० मिलीलीटर. आत रक्तस्राव किंवा संसर्ग असावा, अशी मला शंका आहे. आपण आत्ता येऊन पाहावे.' काय घडले, आधी काय होते, मला काय वाटते, मला काय हवे, असा हा चार पायऱ्यांचा क्रम आहे. पाणबुडीवरील नौसैनिकांच्या पद्धतीवरून तो रुग्णालयांत आला आणि आज जगभर शिकवला जातो. यातील तिसरी पायरी आपल्याकडे गाळली जाते. 'मला असे वाटते' हे म्हणायला आमच्या मुली कचरतात, कारण वाटून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

दुसऱ्या बाजूने, कधीकधी आकडे सर्व ठीक असतात आणि तरीही अनुभवी परिचारिकेला आतून वाटते की या रुग्णाचे लक्षण बरे नाही. ही जादू नव्हे. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात नवखी परिचारिका पाच पायऱ्यांनी निष्णात कशी होते, हे दाखवले. नवखीला नियम लागतात. निष्णात परिचारिकेने शेकडो रुग्ण पाहिलेले असतात, त्यामुळे तिला सबंध चित्र एकदम दिसते; कारणे ती मागाहून सांगते. अनेक देशांतील रुग्णालयांत तातडीचे पथक बोलावण्यासाठी 'परिचारिकेला काळजी वाटते' हे एवढे कारणही पुरेसे मानले जाते. आपल्या रुग्णालयांतही हा मान मिळायला हवा.

अर्थात, एकीने किती जणांकडे पाहावे याला मर्यादा आहे. २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ सालच्या अभ्यासातही तोच निष्कर्ष आला. शिवाय परिचारिकांत पदवीधरांचे प्रमाण जास्त तेथे मृत्यू कमी, हेही दिसले. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात, हे येथे बसलेल्या अनेकांनी नातेवाईक म्हणून पाहिले आहे. आमच्या कामाला नुसती 'सेवा' म्हटले, की माणसे कमी असली तरी चालते, कारण त्याग करणारी व्यक्ती जास्त काम करील, असे गृहीत धरले जाते. तेच काम 'ज्ञान' आहे असे मानले, की मोजण्याला, विचाराला वेळ लागतो हे मान्य करावे लागते आणि मग पदे भरावी लागतात. खासगी वा सार्वजनिक, सर्व रुग्णालयांत परिचारिकांची पुरेशी पदे असावीत, ही मागणी म्हणूनच रुग्णांची मागणी आहे. संस्थेने ती आपली मानावी, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थ्यांना आणि सभासदांना

जे विद्यार्थी या क्षेत्रात येऊ इच्छितात, त्यांत मुलगेही आले, त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. शरीररचना आणि शरीरक्रिया मन लावून शिका. जिला कारण माहीत आहे, तिलाच अपवाद ओळखता येतो. श्वास पूर्ण मिनिट मोजा. न मोजलेला आकडा कधीही लिहू नका. पाळी बदलताना खाटेपाशी उभे राहून रुग्ण ताब्यात घ्या. प्रत्येक दिवशी एका रुग्णाविषयी घरी जाऊन वाचा. इंग्रजीची भीती बाळगू नका, पण रुग्णाची बोलीही विसरू नका. तुमच्या वस्तीची भाषा हे तुमचे भांडवल आहे. संसदेने २०२३ साली परिचर्या व प्रसविका व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला. या व्यवसायात पदवी, पदव्युत्तर शिक्षण, संशोधन, अध्यापन या सर्व वाटा आहेत. पोटापाण्याची सोय म्हणून या, त्यात कमीपणा नाही. पण अभ्यासाची तयारी ठेवून या.

सभासदांना विनंती अशी. आपला माणूस रुग्णालयात असेल तेव्हा त्याचे नेहमीचे वागणे परिचारिकेला सांगा. 'आई एरवी इतकी झोपत नाही' हे आपले एक वाक्य फार मोलाचे असते. घरची औषधे, काढे, उपवास लपवू नका. सलाईनचा वेग स्वतः वाढवू नका. चोरून खाऊ घालू नका. आणि सिस्टर रुग्णाच्या छातीकडे पाहत मिनिटभर स्वस्थ उभी दिसली, तर ती रिकामी उभी आहे असे समजून तिला हाक मारू नका. ती त्या वेळी आपले सर्वांत महत्त्वाचे काम करत असते.

१८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात जात होत्या आणि त्यातच १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. एका बाजूला रोग्याला उचलणारे हात आणि दुसऱ्या बाजूला वैद्यकाचे ज्ञान, अशी ती सांगड होती. ज्या बाईने आम्हाला अक्षर दिले, तिनेच शेवटी रोग्याला हात दिला. अक्षर आणि हात यांची फारकत होऊ न देणे, हीच आमच्या व्यवसायाची शिकवण आहे, असे आम्ही मानतो.